मागच्या सीटवर कोण बसतं? सात सीटर गाडीचा सातारा-सांगलीतला इतिहास

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोललोय तसंच ठेवलंय, अडखळलेलं तेवढं काढून टाकलंय.

आजचा विषय थेट माझ्या घरातून आलाय. आमच्या घरात माणसं सात. आज्जी, अण्णा, आई, नाना म्हणजे माझे काका, काकू, चुलत बहीण आणि मी. गाव कराडजवळ, शेती उसाची. यंदा घरात ठरलं की सगळ्यांना एकत्र बसता येईल अशी गाडी घ्यायची. नवी परवडत नाही, म्हणून जुनी. बजेट साडेपाच लाख, ओढूनताणून सहा.

मग घरात जे सुरू झालं ते तुमच्याही घरात झालं असेल. अण्णांना इनोव्हा पाहिजे. नाना म्हणाले बोलेरो घ्या, रानात पण जाते. बहीण म्हणाली अर्टिगा, कारण तिला स्वतःला चालवायचीय. आज्जी म्हणाली, "कसलीबी घ्या, पण मला चढता आलं पाहिजे." काकूंनी रंग सांगितला. आई काहीच बोलली नाही.

मी पडलो इतिहासाचा पॉडकास्ट करणारा. मायलेज बघायच्या आधी मी ही गाडी आपल्याकडं आली कुठून हे बघत बसलो. त्या नादात घरच्यांना विचारलं, की आजपर्यंत आपण कुठकुठल्या गाडीतून फिरलो आणि कोण कुठं बसलं होतं? आई गप्प का होती, ते तेव्हा कळलं. त्याच्याकडं येतोच. आधी जरा मागं जाऊ.

ट्रकमधलं वऱ्हाड

आज्जीचं वऱ्हाड बैलगाडीतून आलं. आई-अण्णांचं लग्न १९९४ सालचं, तेव्हा वऱ्हाड ट्रकमधून गेलं. खाली पेंढा, त्यावर ताडपत्री, आणि मधल्या मधे धरायला एक दोर. नवरदेवासाठी तेवढी कुणाची तरी मागून आणलेली ॲम्बॅसडर होती.

त्या आधीची कितीतरी वर्षं गावाचं फिरणं एसटीवर चालायचं. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली आणि पुढच्या काही दशकांत ती गावागावांत पोचली. जोतिबाला जायचं, पालीच्या खंडोबाला जायचं, चैत्रात शिखर शिंगणापूरला जायचं, तर एसटीच. स्वतःची चारचाकी म्हणजे ॲम्बॅसडर नाहीतर फियाट. ती घ्यायची तर नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं, आणि मिळाली तरी माणसं पाच. आपल्याकडं कुटुंब पाचात कधीच संपत नव्हतं.

एक गाडी मात्र वेगळी होती, ती म्हणजे जीप. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी तयार झालेली. १९४५ साली 'महिंद्रा अँड मोहम्मद' नावाची कंपनी निघाली. त्यातले मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले आणि त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. इथं कंपनीचं नाव १९४८ मध्ये 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं, आणि विलीज कंपनीची जीप तिनं भारतात आणली. आपल्या गावात ही जीप दिसायची ती साहेबाची, पोलिसांची नाहीतर साखर कारखान्याची. अजूनही म्हातारी माणसं 'कारखान्याची जीप आली' असं म्हणतात, गाडी कुठलीही असू दे.

पुढं ही जीप लांब झाली. मागं दोन्ही बाजूंना पत्र्याला लागून दोन आडवे बाक आले. लष्करी ट्रकमध्ये जवान समोरासमोर बसतात ना, तसे. माणसं जास्त बसतात, मधे सामान ठेवता येतं, मागच्या दारातून पटकन उतरता येतं. जवानांसाठी ही सोय झकास. पण हेच बाक पुढं आपल्या घरातल्या बायकापोरांच्या वाट्याला आले, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

ट्रॅक्स, सुमो आणि वडाप

आता पुणे जिल्ह्यात या. फिरोदियांची बजाज टेम्पो कंपनी आकुर्डीला. आज आपण कुठल्याही छोट्या मालगाडीला टेम्पो म्हणतो, तो शब्द या कंपनीमुळं आपल्या तोंडात बसला. त्यांची मॅटॅडोर आली, मग १९८० च्या दशकाच्या शेवटी ट्रॅक्स आली. २००५ मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं, पण ट्रॅक्स ती ट्रॅक्सच राहिली.

आणि १९९४ ला आली सुमो. टाटांच्या पुण्याच्या कारखान्यातून. बऱ्याच जणांना वाटतं की जपानी पैलवानावरून हे नाव ठेवलं. तसं नाही. टेल्को म्हणजे आजची टाटा मोटर्स ज्यांनी उभी केली त्या सुमंत मुळगावकरांच्या नावातला 'सु' आणि आडनावातला 'मु', इंग्रजी स्पेलिंगप्रमाणं 'मो', असं ते सुमो. मुळगावकर १९८९ मध्ये गेले, गाडी त्यांच्यानंतर पाच वर्षांनी आली. १९९७ पर्यंत लाखाच्या वर सुमो विकल्या गेल्या. पुढं दोघं-तिघं, मधे तिघं, आणि मागं आडव्या सीटवर समोरासमोर चौघं. एकत्र कुटुंबाला दारात उभी करता येईल अशी पहिली गाडी आपल्याकडं कुठली, असं विचाराल तर मी सुमो म्हणेन.

पण खरं सांगायचं तर आपल्यातल्या बहुतेकांनी सुमो आणि ट्रॅक्स पहिल्यांदा पाहिली ती वडापमध्ये. विदर्भ-मराठवाड्यातल्या आणि परदेशातल्या श्रोत्यांसाठी सांगतो. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात सीटप्रमाणं पैसे घेऊन भरली की सुटणारी जीप म्हणजे वडाप. पेपरात तिला 'अवैध प्रवासी वाहतूक' म्हणतात. एसटी दोन तासांनी येणार, कॉलेज दहाला भरणार, मग पोरं वडापनंच जाणार. दहाच्या गाडीत सोळा माणसं, दोघं मागं लोंबकळत. मी स्वतः अकरावी-बारावी अशीच काढली.

आता नीट आठवा, वडापमध्ये कोण कुठं बसायचं. ड्रायव्हरशेजारी गावातलं मानाचं माणूस. मधल्या सीटवर म्हातारी माणसं, पोटुशी बाई, ओळखीचे. मागं आडव्यावर कॉलेजची पोरं, बाजाराला निघालेल्या बायका आणि त्यांच्या पाट्या. घरचे लोक भाड्यानं गाडी करून देवाला निघाले तरी हाच नकाशा. पुढं आजोबा, मधे घरातली मोठी माणसं आणि पाहुणे, मागं सुना आणि पोरं. हा नियम कुणी लिहिलेला नव्हता. माणसं दारातून चढायची आणि आपापल्या जागेवर जाऊन बसायची.

त्या आडव्या सीटवर नेमकं काय होतं, तेही बघा. गाडी पुढं जाते आणि तुम्ही बसलाय बाजूला तोंड करून. रस्ता दिसत नाही. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की वळण आलं, डोळे सांगतात की समोर तर काकूच बसलीय. या गोंधळातूनच मळमळ सुरू होते. त्यात ही सीट मागच्या चाकांच्या वर, त्यामुळं प्रत्येक खड्डा थेट पाठीत. डोकं टेकायला काही नाही, बेल्ट बहुतेक गाड्यांत नाही. जोरात ब्रेक लागला तर माणूस शेजारच्यावर जाऊन आदळतो. पसरणीच्या घाटात ज्यांच्या हातात प्लास्टिकची पिशवी असायची, ती माणसं आठवा. ती कायम मागच्याच सीटवरची.

किर्लोस्करवाडी ते क्वालिस

यानंतरची गाडी जपानी. पण तिच्या कंपनीच्या नावात आपल्या सांगलीचं एक गाव आहे, आणि हे मला स्वतःला माहीत नव्हतं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव ऐकलं असेल. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. बेळगावातली जागा सोडायची वेळ आली तेव्हा औंध संस्थानाच्या राजांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिलं. १९१० मध्ये तिथं कारखाना आणि वसाहत उभी राहिली, तीच किर्लोस्करवाडी. औंध आज सातारा जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. नकाशावर दोन जिल्हे दिसतात, तेव्हा ते एकाच राजाचं संस्थान होतं.

लक्ष्मणरावांचे पणतू विक्रम किर्लोस्कर. १९९७ मध्ये टोयोटानं त्यांच्या समूहाबरोबर भागीदारी केली आणि टोयोटा किर्लोस्कर मोटर तयार झाली. कारखाना बेंगळुरूजवळ बिदडीला. २००० च्या जानेवारीत त्यांची पहिली गाडी आली, क्वालिस. ती मुळात इंडोनेशियातली 'किजांग'. किजांग म्हणजे आपल्या कोयनेच्या जंगलातलं भेकर. पुढं विक्रम किर्लोस्कर नोव्हेंबर २०२२ मध्ये गेले.

क्वालिस दिसायला काही देखणी नव्हती. पण तिच्या काही मॉडेलमध्ये एक बदल होता, ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मागच्या माणसाचं तोंड रस्त्याकडं होतं. तिसरी रांगसुद्धा पुढं बघणारी. मग २००५ मध्ये क्वालिस बंद करून इनोव्हा आणली, तिच्यात तर तिसऱ्या रांगेत पुढं तोंड करून सीट आणि मागच्यांसाठीसुद्धा एसीची हवा. मधे दोन सुट्या सीट असतील तर गाडी सात जणांची, सलग बाक असेल तर आठ जणांची. पुढाऱ्यांनी सुट्या सीटची घेतली, कुटुंबांनी बाकाची. जुनी इनोव्हा बघायला गेलात तर आधी हा फरक बघा.

त्याच २००० साली बोलेरोही आली. ती जीपच्या वंशातली, त्यामुळं मागं दोन आडव्या सीट राहिल्या. आपल्या रस्त्यांना, शेतीला आणि खिशाला ती इतकी मानवली की आजही गावात दर चौथ्या घरात दिसते. सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे, म्हणजे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव, तिथल्या एका कारागिरानं काही वर्षांपूर्वी भंगारातून छोटी जीप बनवली. चालू कशी करायची, तर मोटारसायकलसारखी किक मारून. व्हिडिओ व्हायरल झाला, आनंद महिंद्रांनी पाहिला, आणि २०२२ च्या जानेवारीत त्या घराला जीपच्या बदल्यात नवी बोलेरो मिळाली. घरच्या गाडीसाठी आपल्याकडचा माणूस काय करू शकतो, त्याचं मला हे सगळ्यात आवडतं उदाहरण वाटतं.

२०१२ मध्ये मारुतीची अर्टिगा आली आणि सात सीटर गाडीची जातच बदलली. जीपचा किंवा ट्रकचा सांगाडा नाही, सरळ कारसारखी. बसकी, चालवायला हलकी, बोळात वळणारी. आज्जीला चढायला सोपी. तिसरी रांग पुढं बघणारी आहे, पण उंच माणसाचे गुडघे वर येतात. मारुतीनं २०२० मध्ये डिझेल गाड्या बनवणं थांबवलं, त्यामुळं डिझेल अर्टिगा आता फक्त जुनीच मिळते. २०१९ ची रेनो ट्रायबर तर चार मीटरच्या आतली, तिची तिसरी रांग काढून ठेवता येते. आणि २००४ मध्ये आलेली शेव्हरोले टवेरा आठवते? तिच्या कंपनीनं २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्रीच बंद केली. जुनी गाडी घेताना बनवणारी कंपनी अजून इथं आहे का, एवढं तरी विचारून घ्यावं.

तीन गाड्या, तीन भूतकाळ

इथपर्यंत मॉडेलचा इतिहास झाला. पण जुन्या गाडीला तिचा स्वतःचाही इतिहास असतो, आणि तो विकणारा सांगत नाही. आम्ही तीन गाड्या जवळजवळ घेतल्या होत्या. तिन्हींनी काय शिकवलं ते सांगतो. विकणाऱ्यांची नावं घेत नाही.

पहिली गाडी हायवेलगतच्या एका यार्डात. चकाचक, नवे सीट कव्हर, आत अत्तराचा वास. किंमत बाजारापेक्षा लाखभर कमी. अण्णा तर टोकन द्यायला निघाले होते. आमच्या गावचे मेस्त्री बरोबर होते. त्यांनी इंजिनाकडं बघितलंच नाही. मागच्या सीटचा बेल्ट धरला आणि शेवटपर्यंत ओढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातीची तपकिरी रेघ होती. मग स्टेपनीचा खड्डा उघडला, तिथं कोपऱ्यात वाळलेला गाळ. मेस्त्री म्हणाले, "दादा, ही पोहून आलीय."

ऑगस्ट २०१९ चा सांगलीचा पूर आठवा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फूट. जुलै २०२१ ला पुन्हा पूर. घरं बुडाली तशा गाड्याही बुडाल्या. पाण्यात गेलेली गाडी धुऊन-पुसून चालू होते, पण वायरिंगमध्ये आणि सांध्यांमध्ये गंज आतून चालत राहतो आणि दोन वर्षांनी एअरबॅगचा दिवा लागतो. आणि एक लक्षात घ्या, सांगलीचा एमएच-१० नंबर म्हणजे पुरातली गाडी, असं अजिबात नाही. पुरातली गाडी उलट लांब नेऊन विकतात, जिथं कुणाला संशय येणार नाही. म्हणून नंबर कुठलाही असो, बेल्ट पूर्ण ओढायचा, गालिचा उचलायचा, आणि इन्शुरन्सचा क्लेम कधी झालाय का ते विचारायचं.

दुसरी गाडी मामाची. आईचं माहेर विट्याकडं. त्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या कामात, देशभर पसरलीत. गावच्या यात्रेला बघा, तमिळनाडूपासून पंजाबपर्यंतचे नंबर एका पटांगणात उभे असतात. मामांचं दुकान दिल्लीला. त्यांचा फोन आला, "दाजी, माझी गाडी न्या. दहा वर्षांची झालीय, पण ठेवलीय नव्यासारखी. घरातलीच आहे, पैशाचं नंतर बघू."

आता दिल्लीच्या गाड्या स्वस्त का मिळतात? प्रदूषणामुळं राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. नंतर त्यात बदल होत राहिले, पण तेव्हापासून तिथल्या चांगल्या डिझेल गाड्या बाहेरच्या राज्यांत जाऊ लागल्या. गाडीत खोट नसते. हिशोब तेवढा नीट करावा लागतो. तिथल्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र, इथं नव्यानं नोंदणी, इथला रोड टॅक्स, एजंटचे पैसे, आणि पंधरा वर्षं पूर्ण झाली की पुन्हा तपासणी आणि पर्यावरण कर. हे सगळं मांडल्यावर स्वस्ताई बरीच वितळली. शिवाय पाहुण्याशी व्यवहार. पुढं क्लच गेला तर तक्रार कुणाकडं करणार? अण्णांनीच हात जोडले.

तिसरी गाडी साताऱ्याची, एमएच-११. मीटरवर ७२ हजार किलोमीटर. पण क्लचच्या पॅडलचं रबर पार गुळगुळीत, स्टिअरिंगला नवं कव्हर, आणि ड्रायव्हरची सीट एका बाजूला बसलेली. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला, आरसी बुकातल्या नोंदी बघितल्या, तर गाडी आधी पिवळ्या नंबरप्लेटची, म्हणजे टुरिस्ट. नंतर पांढरी करून घेतलेली. यात बेकायदेशीर काही नाही, आरटीओची परवानगी घेऊन असं करता येतं. पण टुरिस्ट गाडी दोन-तीन वर्षांतच लाख किलोमीटर पार करते. मग ७२ हजार कुठून आले? सर्व्हिसच्या नोंदी मागितल्या, तर मालक म्हणाला वही हरवली.

अण्णा मागं बसले

आता आईकडं येतो. कोण कुठं बसलं होतं हे मी विचारत होतो ना, तेव्हा आज्जी एकदम म्हणाली, "तुझी आई कधी म्होरं बसलीया व्हय रं?"

मी आठवायला लागलो. लग्नाला, देवाला, बारशाला, भाड्याच्या कुठल्याही गाडीत आई मागच्या आडव्या सीटवर. मांडीवर मी, पायाशी नैवेद्याची पाटी. मग मी मोठा झालो तशी ती यायचीच बंद झाली. सात-आठ वर्षं ती शिंगणापूरला आलेली नाही. "म्हशीची धार कोण काढणार" असं म्हणायची आणि आम्ही सगळे ते खरं मानून निघून जायचो. म्हैस विकून तीन वर्षं झाली, तरी ती आलेली नाही, हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

मी तिला विचारलं. म्हणाली, "मला मागं उलटी हुती. सगळ्यांचा खोळंबा हुतो. मग घरीच बरं."

मी हे अण्णांना सांगितलं. त्यांना पटेना. म्हणाले, तिनं सांगायचं होतं. म्हणून मी एक केलं. ओळखीच्यांची आडव्या सीटची एक जुनी गाडी होती. कुठली ते महत्त्वाचं नाही, त्या जातीच्या सगळ्या सारख्याच. ती एका दिवसासाठी आणली. साताऱ्याहून कासच्या रस्त्यानं यवतेश्वरचा घाट. आई पुढं माझ्याशेजारी, अण्णा मागं आडव्या सीटवर.

चौथ्या-पाचव्या वळणानंतर मागचं बोलणं बंद झालं. वर पोचल्यावर अण्णा उतरले आणि कठड्यावर बसले. पाणी प्यायले. बराच वेळ खाली साताऱ्याकडं बघत होते. मग आईला म्हणाले, "एवढं हलतंय मागं? मग बोलली का न्हाईस कधी?"

आई म्हणाली, "बोलून काय करायचं हुतं? मी न्हाई तर जाऊबाई बसल्या असत्या. कुणीतरी बसणारच की मागं."

त्या दिवशी काकू बरोबर नव्हत्या. पण घरी आल्यावर अण्णांनी आधी नानांना बोलावलं आणि आडव्या सीटची गाडी घ्यायची नाही एवढं ठरवून टाकलं. नाना थोडे नाराज झाले, कारण रानात जाण्याचा त्यांचा मुद्दा बरोबरच होता. त्यांना मी सांगितलं, रानात जायला मोटारसायकल आहे, रानात सातजण कुठं जातात?

मग घेतली कुठली?

त्यानंतर गाडी बघण्याची आमची पद्धतच बदलली. पूर्वी अण्णा स्टिअरिंगवर बसून बघायचे. आता आई आधी तिसऱ्या रांगेत जाऊन बसायची आणि आज्जी मधल्या दारातून चढून दाखवायची. दोघींनी मान डोलावली तरच मेस्त्री बॉनेट उघडायचे. एकट्यानं रिकामी गाडी पळवायची नाही, सातही जणांना बसवून चढावर न्यायची. रिकामी गाडी कुठलीही छान पळते. भरली की मागचं सस्पेन्शन बसतं का, क्लचचा वास येतो का, एसीची हवा मागं पोचते का, हे तेव्हाच कळतं. आणि सातजण बसल्यावर डिकीत किती जागा उरते तेही. बहुतेक गाड्यांत दोन पिशव्या उरतात. टपावर कॅरिअर लागणार हे धरून चाला.

अर्टिगा दोन बघितल्या. आज्जी पटकन चढली, बहीण खूश. पण तिसऱ्या रांगेत नानांचे गुडघे हनुवटीला लागत होते, आणि आमच्याकडं मोठी माणसंच पाच. तुमच्या घरात दोन लहान मुलं असतील तर मी डोळे झाकून अर्टिगा सांगेन. आम्ही शेवटी २०१३ ची इनोव्हा घेतली, आठ सीटची, बाकाची. मालक साताऱ्यातले एक निवृत्त शिक्षक, पहिलेच मालक. किलोमीटर एक लाख सत्तर हजार, पण प्रत्येक सर्व्हिसची पावती फाईलमध्ये तारखेवार लावलेली. कमी किलोमीटर आणि हरवलेली वही यापेक्षा जास्त किलोमीटर आणि भरलेली फाईल आम्हाला बरी वाटली. पाच लाख नव्वद हजार. आज्जीसाठी दाराखाली पायरी बसवून घेतली.

कागदाचं एक सांगतो, कारण इथं तरुण पोरं फसतात. फॉर्म २९ आणि ३० वर सही घेऊन गाडी घरी आणली म्हणजे झालं, असं नाही. आरटीओत नाव बदलेपर्यंत कागदावर मालक जुनाच असतो, आणि अपघात झाला तर त्रास दोघांना होतो. गाडीवर कर्ज होतं का, असेल तर बँकेचा बोजा उतरलाय का, हे आरसीवर बघा. आणि विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज द्या.

गाडी आल्यावर पहिली फेरी शिखर शिंगणापूरला. आई आली. जाताना ती मधल्या सीटवर खिडकीला होती, येताना स्वतःहून मागं गेली. म्हणाली, बघू तरी. फलटणपर्यंत गप्पा मारत होती. तक्रार एकच केली, मागची काच उघडत नाही. मागं तिच्या एका बाजूला मी होतो, आणि दुसऱ्या बाजूला अण्णा.

आता घरात नियम झालाय. जाताना जे मागं बसतील ते येताना पुढं. आज्जीला तेवढी सूट. काही दिवसांनी आम्ही हा नियम विसरूसुद्धा, सवयी इतक्या लवकर जात नाहीत. पण निदान आता घरात प्रत्येकाला मागं काय होतं ते माहीत आहे.

तर मंडळी, हा भाग ऐकून किंवा वाचून झाला की एक काम करा. घरातल्या बायकांना विचारा, की तुम्ही आजवर गाडीत कुठं बसलात? आणि जे उत्तर येईल ते मला व्हॉइस नोट करून पाठवा. जुनी गाडी बघायला जाणार असाल तर त्यांना बरोबर न्या, आणि आधी मागचं दार उघडा.

पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत गाडी हळू चालवा, मागं कुणीतरी बसलंय.